कर्करोगाच्या मुळाशी जाणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

मालाड, कांदिवली, बोरिवलीहून सकाळच्या लोकलने निघून, दादरला उतरून परळच्या टाटा रुग्णालयाकडे जाणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा तपासण्यांच्या कागदांची फाईल असते आणि मनात एकच प्रश्न असतो : हा आजार आपल्यालाच का झाला? डॉक्टर उपचार सांगतात, शस्त्रक्रियेची तारीख देतात, औषधे लिहून देतात. परंतु या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे त्यांनाही कठीण जाते. याच रुग्णालयाच्या सान्निध्यात, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत, एका मराठी स्त्रीने नेमका हा प्रश्न उंदरांना आणि काचेच्या नळीत वाढवलेल्या पेशींना विचारण्यात आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. कमल जयसिंग रणदिवे.

आपल्याकडे कर्करोग म्हटले की शल्यविशारद आठवतात, किरणोपचाराची यंत्रे आठवतात. रोग होण्यापूर्वी पेशीत काय बिघडते, हे शोधणारी माणसे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाहीत. रणदिवे यांना ‘पद्मभूषण’ मिळाले, त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत, तरीही सर्वसामान्य मराठी वाचकाला त्यांच्या कामाचा नेमका अर्थ फारसा माहीत नाही. २०२१ साली त्यांच्या १०४व्या जयंतीदिनी ‘गुगल’ने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकावले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

सीताफळापासून सुरुवात

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापन करीत. मुलगे आणि मुली यांच्या शिक्षणात भेद करायचा नाही, असा त्यांचा आग्रह होता. कमलताईंचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने वैद्यकशास्त्र शिकावे आणि डॉक्टर मुलाशी विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टींना नकार दिला. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी फर्ग्युसनमधून विज्ञानाची पदवी मिळवली.

पदव्युत्तर अभ्यासासाठी त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या. तेथे त्यांनी सीताफळ, रामफळ ज्या कुळात मोडतात त्या वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि १९४३ साली एम.एस्सी. पदवी मिळवली. हा विषय वडिलांनीच सुचवला होता. वरवर पाहता सीताफळाचा आणि कर्करोगाचा काही संबंध नाही. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न्याहाळण्याची, तिच्यातील गुणसूत्रे मोजण्याची आणि एका पेशीची दुसरीशी तुलना करण्याची शिस्त त्यांना याच अभ्यासातून लागली. पुढील आयुष्यात वनस्पती बदलून प्राणी आले. पेशीकडे पाहण्याची दृष्टी मात्र तीच राहिली.

दरम्यान, १३ मे १९३९ रोजी गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. विवाहानंतर शिक्षण थांबण्याचा तो काळ होता. त्यांच्या बाबतीत उलटे घडले. पदव्युत्तर अभ्यासात पतीची त्यांना मोठी साथ मिळाली. पुढे मुलगा झाला, संसार वाढला आणि संशोधनही त्याच्याबरोबर चालू राहिले.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन फेब्रुवारी १९४१ मध्ये झाले होते. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे खानोलकर हे केवळ रोगनिदान करून थांबणारे नव्हते. भारतीयांना होणारे कर्करोग हे भारतीयांच्या सवयी, आहार आणि समाजरचना यांच्या संदर्भातच समजून घेतले पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती. अशा मार्गदर्शकाच्या हाताखाली रणदिवे यांनी काम सुरू केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली.

तीन संशयित

रणदिवे यांच्या कामाचे मोल समजण्यासाठी त्या काळी स्तनाच्या कर्करोगाविषयी काय ठाऊक होते, हे पाहावे लागते. जगभरातील प्रयोगशाळांत तेव्हा तीन वेगवेगळ्या कारणांचा माग काढला जात होता.

पहिले कारण आनुवंशिकतेचे. पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांत संकर घडवून उंदरांचे शुद्ध वाण तयार करण्यात आले होते. त्यांपैकी काही वाणांतील बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, तर काही वाणांत तो क्वचितच दिसे. दुसरे कारण संप्रेरकांचे. १९३२ साली फ्रान्समध्ये अँत्वान लाकासान्य यांनी नर उंदरांना स्त्री-संप्रेरक टोचले आणि त्या नरांनाही स्तनाचे कर्करोग झाले. तिसरे कारण सर्वांत अनपेक्षित होते. १९३६ साली अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी कर्करोगप्रवण वाणाची पिल्ले जन्मताच आईपासून वेगळी करून निरोगी वाणाच्या मादीला पाजायला दिली. मोठेपणी या पिल्लांतील कर्करोगाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. याचा अर्थ, आईच्या दुधातूनच काहीतरी पिल्लांकडे जात होते. हे ‘काहीतरी’ म्हणजे एक विषाणू आहे, हे पुढे स्पष्ट झाले.

आनुवंशिकता, संप्रेरक आणि विषाणू या तिघांपैकी खरा गुन्हेगार कोण, असा वाद त्या काळी रंगत असे. रणदिवे यांनी प्रश्नाची मांडणीच वेगळी केली. तिघांपैकी एकाची निवड करण्याऐवजी हे तिघे एकमेकांना कसे साहाय्य करतात, हे शोधायचे त्यांनी ठरवले. उंदरांच्या स्तनग्रंथींची सामान्य वाढ आणि त्यांतील कर्करोग हा त्यांच्या संशोधनाचा गाभा ठरला. निरोगी ग्रंथी वयात येताना, गर्भारपणात आणि दूध पाजताना कशी बदलते हे नीट कळल्याशिवाय ती बिघडते कशी हे कळणार नाही, हे या अभ्यासामागचे सूत्र होते. आज विकासाचे जीवशास्त्र आणि रोगाचे जीवशास्त्र या एकाच नाण्याच्या दोन बाजू मानल्या जातात. त्या काळी मात्र ही दृष्टी सर्वमान्य नव्हती.

बाल्टिमोर आणि परत

डॉक्टरेटनंतर खानोलकरांनी त्यांना परदेशी शिष्यवृत्तीसाठी प्रयत्न करण्यास उत्तेजन दिले. शिष्यवृत्ती मिळाली आणि रणदिवे अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. टिश्यू कल्चर अर्थात ऊतिसंवर्धन हे त्या प्रयोगशाळेचे वैशिष्ट्य होते. शरीरातून काढलेला ऊतीचा बारीकसा तुकडा काचेच्या नळीत, पोषक द्रवात, शरीराच्या तापमानाला जिवंत ठेवायचा आणि त्यातील पेशी वाढू द्यायच्या, असे हे तंत्र. गाय यांनी त्यासाठी संथ गतीने फिरणाऱ्या नळ्यांची योजना केली होती. त्यामुळे पेशींना आळीपाळीने द्रव आणि हवा मिळत असे. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी अखंड वाढू लागल्या. त्या स्त्रीची संमती न घेता ठेवलेल्या या ‘हेला’ पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहेत.

हे तंत्र शिकून रणदिवे मायदेशी परतल्या आणि आपल्या जुन्याच कामावर पुन्हा रुजू झाल्या. अमेरिकेत राहण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. परळमध्ये १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर आकाराला आले होते आणि खानोलकर त्याचे संस्थापक होते. येथे रणदिवे यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारण्यात पुढाकार घेतला.

प्रयोगशाळा उभारणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणे कठीण आहे. पेशी वाढवण्यासाठी लागणारा पोषक द्रव म्हणजे क्षार, शर्करा, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि रक्तद्रव यांचे अतिशय काटेकोर मिश्रण असते. त्याचे प्रमाण किंचित चुकले, काच नीट धुतली गेली नाही किंवा हवेतील एखादा जंतू आत शिरला, तर कित्येक आठवड्यांची मेहनत एका रात्रीत वाया जाते. मुंबईच्या दमट हवेत तर बुरशीचा धाक कायमचाच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस रणदिवे यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांतील तरुण साहाय्यकांना हाताशी धरून हे द्रव आणि त्यांना पूरक रसायने आपल्या प्रयोगशाळेतच तयार करवून घेतली. पुढे कर्करोगजनन, पेशी जीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे नवे विभाग सुरू झाले. प्रत्येक विभागाबरोबर नवी माणसे घडली आणि भारतात या विषयांत काम करणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली.

सुपारी, कुष्ठरोग आणि दूध

प्राण्यांमधील प्रयोगांतून स्तनाचा, अन्ननलिकेचा आणि रक्ताचा कर्करोग यांची कारणमीमांसा करणे, हा रणदिवे यांच्या संशोधनाचा मुख्य प्रवाह. त्यात कर्करोगाची प्रवणता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध दाखवणे, ही त्यांची सर्वाधिक उल्लेखिली जाणारी कामगिरी. परंतु त्यांनी आपला प्रश्न उंदरांपुरता मर्यादित ठेवला नाही.

पान, सुपारी आणि तंबाखू ही आपल्या समाजातील घराघरांतील सवय. तंबाखू घातक असल्याचा संशय जुना होता. सुपारीकडे मात्र अनेकांनी निरुपद्रवी मुखशुद्धी म्हणूनच पाहिले. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी व तंबाखू यांच्या अर्कांची प्राण्यांवर पद्धतशीर चाचणी केली. १९७६ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना खाल्लेली सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा दिला. तोवर मधे जवळजवळ तीन दशके गेली होती. असा निर्वाळा जगभरातील अनेक अभ्यासांच्या आधारावर उभा असतो. परळच्या प्रयोगशाळेतील काम हे त्याच वाटेवरील आरंभीच्या पावलांपैकी एक होते.

कुष्ठरोगाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली सापडला, पण प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात त्याला वाढवणे आजवर कोणालाही साधलेले नाही. १९५८ साली खानोलकर, रणदिवे आणि त्यांचे सहकारी डॉ. बापट यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. संस्थेच्या नावावरून तो ‘आयसीआरसी बॅसिलस’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कालांतराने स्पष्ट झाले की, हा खुद्द कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याच्याच प्रजातीतील निराळा जंतू आहे. एखाद्या संशोधकाने येथे निराश होऊन विषय सोडला असता. परंतु हा जंतू शरीरात कुष्ठरोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती जागी करतो, असे आढळले. डॉ. माधव देव यांच्या नेतृत्वाखाली त्यापासून लस तयार करण्यात आली. दक्षिण भारतात १९९० च्या दशकात झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्याच चाचणीत केवळ बीसीजी लसीचे संरक्षण सुमारे ३४ टक्के होते. बहुविध औषधोपचारामुळे कुष्ठरोगाचे प्रमाण झपाट्याने घटत गेले आणि ही लस सार्वत्रिक वापरात आली नाही. तरीही ओळख चुकलेल्या जंतूपासून उपयुक्त लस निर्माण झाली, ही वैज्ञानिक इतिहासातील लक्षणीय घटना होय.

स्तनाच्या कर्करोगात मात्र शोधाला असा सोपा शेवट लाभला नाही. मुंबईतील पारशी स्त्रियांत या रोगाचे प्रमाण इतर समाजांहून अधिक असल्याचे टाटा रुग्णालयातील नोंदींवरून दिसत होते. उंदरांप्रमाणे माणसातही दुधावाटे विषाणू जात असेल काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. १९७१ साली अमेरिकेतील डॅन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, संस्थेतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ डॉ. सत्यवती सिरसाट यांच्यासह, मानवी दुधात आढळलेल्या विषाणूसदृश कणांविषयीचा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पारशी स्त्रियांच्या दुधाचाही समावेश होता. जगभर खळबळ उडाली. परंतु पुढील अभ्यासांत या कणांचा आणि मानवी स्तनाच्या कर्करोगाचा संबंध निर्विवादपणे सिद्ध झाला नाही. स्तनपानाने मुलीला हा रोग होतो, असा पुरावाही मिळाला नाही; उलट दीर्घकाळ स्तनपान करणाऱ्या मातांना हा धोका काहीसा कमी असतो, असेच आढळले.

मग उंदरांच्या त्या विषाणूमागे घालवलेली वर्षे व्यर्थ गेली काय? या प्रश्नाचे उत्तर रणदिवे यांच्या हयातीतच, पण दूरच्या प्रयोगशाळांमधून मिळाले.

उत्तर माशीच्या पंखात

१९८२ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे रोएल नुसे आणि हॅरल्ड वार्मस यांनी उंदरांच्या स्तनगाठींची जनुकीय तपासणी केली. हा विषाणू कर्करोग घडवणारे कोणतेही जनुक स्वतःबरोबर आणत नाही, हे ठाऊक होते. तो पेशीच्या गुणसूत्रात शिरतो आणि तेथेच मुक्काम ठोकतो. अनेक वेगवेगळ्या गाठींत त्याने एकाच जनुकाशेजारी जागा घेतल्याचे या दोघांना आढळले. एरवी प्रौढ स्तनग्रंथीत निद्रिस्त असणारे हे जनुक विषाणूच्या शेजारामुळे जागे होत होते. त्याला ‘इंट-१’ असे नाव देण्यात आले.

हे जनुक निरोगी शरीरात काय करते, याचे उत्तर फळमाशीने दिले. १९७३ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत राम प्रकाश शर्मा यांना एक विचित्र फळमाशी सापडली होती. तिच्या संततीत काही माशांना एकच पंख असे, तर काहींना एकही नसे. या बदलाला ‘विंगलेस’ म्हणजे पंखहीन असे नाव मिळाले. १९८७ साली उघड झाले की, माशीचे हे पंखांचे जनुक आणि उंदराच्या स्तनगाठीतील ‘इंट-१’ हे मूलतः एकच आहेत. दोन्ही नावांचा संयोग करून या जनुककुलाला ‘विंट’ म्हटले जाऊ लागले. माणसात या कुलाची १९ जनुके आहेत.

या जनुकांपासून बनणारी प्रथिने पेशीबाहेर पडतात आणि शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला जाऊन चिकटतात. तेथून संदेश आत केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि त्या पेशीने विभाजित व्हावे की थांबावे, कोणते रूप घ्यावे, हे ठरते. गर्भात हात-पाय, मेंदू, आतडी यांची घडण अशाच संदेशांवर होते. योग्य वेळी, योग्य जागी दिलेला संदेश अवयव घडवतो. तोच संदेश अवेळी आणि अखंड मिळत राहिला तर गाठ निर्माण होते. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत याच संदेशमार्गात बिघाड आढळतो आणि त्यावर परिणाम करणाऱ्या औषधांचा शोध आजही चालू आहे.

रणदिवे यांच्या तीन संशयितांचा एकमेकांशी असलेला संबंध येथे स्पष्ट झाला. विषाणूच्या जनुकीय साखळीतच संप्रेरकांना प्रतिसाद देणारा भाग असल्याचे १९८० च्या दशकाच्या आरंभी आढळले. म्हणजे शरीरातील संप्रेरके वाढली की विषाणूचे कार्यही वाढते. कोणत्या वाणाचा उंदीर विषाणूला बळी पडेल, हे त्याची आनुवंशिकता ठरवते. २००० साली असेही दिसून आले की, गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्तनग्रंथीच्या नलिकांना फांद्या फुटण्याचा जो आदेश देते, तो ‘विंट-४’ या संदेशवाहक प्रथिनामार्फतच पोहोचतो. निरोगी ग्रंथीची वाढ समजल्याशिवाय तिचा रोग समजणार नाही, हे सूत्र अशा रीतीने रेणूंच्या पातळीवर खरे ठरले.

‘विंट’च्या शोधात रणदिवे यांचा प्रत्यक्ष सहभाग नव्हता आणि तसा दावा करणे त्यांच्यावरच अन्याय करणारे ठरेल. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध सर्वप्रथम त्यांनीच मांडला, असे काही ठिकाणी लिहिले जाते, तेही अचूक नाही. हा संशय एकोणिसाव्या शतकापासून व्यक्त होत होता. त्यांचे श्रेय निराळे आहे. अनेक प्रयोगशाळा एकेका कारणाच्या मागे धावत असताना, साधनांची वानवा असलेल्या मुंबईत त्यांनी सर्व कारणांचा एकत्रित विचार करणारा प्रश्न विचारला आणि तो तपासण्यासाठी लागणारे उंदीर, माध्यमे, उपकरणे आणि माणसे उभी केली.

राजूरपर्यंतचा प्रवास

१९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी संस्थेचे प्रभारी संचालकपद सांभाळले. रुग्णालय आणि संशोधन केंद्र यांचे टाटा मेमोरियल सेंटर या एकाच छत्राखाली १९६६ साली विलीनीकरण झाले, तो हाच संक्रमणाचा काळ. १९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचे पहिले रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक त्यांना मिळाले. सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कारही लाभला. १९८२ साली केंद्र सरकारने ‘पद्मभूषण’ देऊन त्यांचा गौरव केला.

स्वतः पुढे जाताना मागून येणाऱ्या स्त्रियांची वाट त्यांनी विसरू दिली नाही. विज्ञानाची पदवी घेतलेल्या किती तरी मुली विवाहानंतर, मुले झाल्यानंतर प्रयोगशाळेपासून दुरावतात, हे त्या पाहत होत्या. १९७३ साली ११ सहकाऱ्यांसमवेत त्यांनी इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशनची स्थापना केली. वाशी येथील या संस्थेने नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवले. स्त्री वैज्ञानिकांच्या प्रश्नावर भाषणे करण्यापेक्षा त्यांच्या मुलाला सांभाळणारी जागा उपलब्ध करून देणे, हा त्यामागील व्यवहारी विचार होय.

निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूर परिसरात काम सुरू केले. सह्याद्रीच्या कुशीतील या आदिवासी भागात सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली आणि गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण दिले. आयुष्यभर पेशींच्या पोषणद्रवाचे प्रमाण काटेकोरपणे मोजणाऱ्या या वैज्ञानिक बाईंनी उतारवयात कुपोषित मुलांचे वजन आणि आहार यांच्या नोंदी घेतल्या. रोग झाल्यावर धावण्यापेक्षा तो का होतो हे आधी पाहावे, हीच त्यांची वृत्ती येथेही दिसते.

११ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी डॉ. कमल रणदिवे यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेल्या कर्करोग संशोधन संस्थेचे काम त्यानंतर नवी मुंबईतील खारघर येथे विस्तारले असून तेथे आज पेशींतील संदेशवाहक प्रथिनांपासून जनुकीय चाचण्यांपर्यंतचे संशोधन चालते. परळच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र उपनगरांतून, गावांतून, परराज्यांतून आलेल्या माणसांची रांग तशीच आहे. हा आजार आपल्यालाच का झाला, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आजही पूर्ण मिळालेले नाही. परंतु ते एका कारणात नसून आनुवंशिकता, संप्रेरके, सवयी आणि संसर्ग यांच्या गुंत्यात आहे, इतके तरी आज खात्रीने सांगता येते. आणि तो गुंता उकलण्याचे काम या शहरात ज्यांनी नेटाने सुरू केले, त्यांत डॉ. रणदिवे यांचे नाव अग्रभागी राहील.